नवं कापड पाण्यातून काढूनच गोधडी शिवायची का? माझी तर आटली

सुईदोरा (लातूर) · शनिवार, दुपारी ३:२०

मंडळी, लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

भावाच्या लेकराच्या बारशाला मी एक गोधडी शिवली. वर नव्या छापील सुती कापडाचे चौकोन, मधे मधे मरून खणाच्या पट्ट्या, खाली मांजरपाट. माप ३६ बाय ४५ इंच, चार-चार बोटांवर हाताने धावदोरा. बारशात बायकांनी उलटून पालटून बघितली, टाके मोजले, मी दोन दिवस जमिनीवर नव्हते. महिन्याभरानं भावजयीनं ती पहिल्यांदा धुतली आणि फोटो पाठवला. फोटोखाली एक शब्द नाही. तेवढ्यात काय ते कळलं.

४५ ची लांबी ४२ वर आलेली. कडा आत ओढलेल्या, मधला भाग तव्यावरच्या भाकरीसारखा टम्म. दोन धावदोऱ्यांच्या मधे तर फोड आल्यागत दिसत होतं. आणि मागच्या मांजरपाटावर, जिथं जिथं वर खण आहे तिथं तिथं, गुलाबी नकाशे.

आता पुढचं संकट. मावसबहिणीच्या मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे आणि रुखवतात मांडायला ९० बाय १०० ची गोधडी मी कबूल करून बसलेय. १४ मीटर कापड घरात येऊन पडलंय, अजून कात्री लावली नाही. हे सगळं आधी पाण्यातून काढू का? आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा येतो, म्हणून विचारतेय. आई म्हणते, "गोधडीचं कापड आधी कोण धुतं गं?" आणि तिनं आजवर चाळीसेक गोधड्या शिवल्यात, एकही आटली नाही. मग माझंच कुठं चुकलं?

बाभूळबन · ३:३१

काढा. धागा बंद करा.

ठिगळ्या · ३:४०

मराठवाड्यात विहीर आटते, बोअर आटतो, धरण आटतं. कापडानं तरी का मागं राहावं?

आक्का_गंगाखेड · ४:०५

(नातू टायपतोय, बोलणं मव्हं.)

बाई, तुझी माय खरं बोलती. आमी कव्हाच कापड आधी धुतलं न्हाई, कारण आमच्या वाकळंत कोरं कापड येतच नव्हतं. लुगडं धा वर्सं नेसायचं. फाटलं की त्याचं दुपटं, आन् दुपटं इरलं की मग वाकळंत. गंगेच्या धोंड्यावर हजार बार आपटलेलं कापड ते, आता आनखी काय आटल? जे आटायचं ते आंगावर आसतानाच आटून गेलं.

तुही चूक एकच, सगळं कोरं वापरलं. आन् लेकराला कोरं घालीतच नसतेत. आमच्यात बाळाचं पहिलं टोपडं-झबलं बी जुन्याचं करायचे, मऊ पडावं म्हणून. मव्ही सासू म्हणायची, जुन्या लुगड्याला कोऱ्याचं ठिगळ लावू नको, पहिल्या धुण्यात कोरं आखडतं आन् जुन्याला वढून फाडतं. मी लावलं एकदा. फाटलं.

सुईदोरा · ४:१२

आक्का, नातवाला माझ्याकडून एक चॉकलेट. "आंगावर असतानाच आटून गेलं" यानं आईचं कोडं सुटलं बघा. तिच्या चाळीस गोधड्या सगळ्या इरकली लुगड्यांच्या आणि बाबांच्या धोतराच्या.

टेलरमास्तर (जालना) · ५:५०

दुकान बंद करून लिहितोय. ब्लाऊज शिवणाऱ्याला विचारा, हा प्रश्न आम्हाला रोजचा. गिऱ्हाईक टू बाय टू चं अस्तर आणतं नि म्हणतं आजच शिवा. मी पाण्यातून काढल्याशिवाय कात्री लावत नाही. एकदा घाईत लावली होती. बाईंनी ब्लाऊज धुतला, वरचं कापड जागच्या जागी आणि अस्तर आतून आखडलं. बगलेत चुण्या आल्या, पाठ वर चढली. तो ब्लाऊज अजून माझ्याकडे खुंटीला आहे, नव्या पोरांना दाखवायला.

साडीच्या फॉलचंही तेच. फॉल कोरा लावला की पहिल्या धुण्यात तो आकसतो आणि साडीचा खालचा घेर झालरीसारखा होतो. तुम्हा बायकांना हे माहीत असतं, फॉल तुम्ही भिजवूनच देता. मग गोधडीच्या वेळी कसं विसरता?

एक खूण सांगतो. कापड लांबीत जास्त आटतं, पन्ह्यात म्हणजे रुंदीत कमी. म्हणून चौकोन कापताना सगळे एकाच दिशेनं कापा. कापड वाचवायला अर्धे उभे नि अर्धे आडवे कापले, तर एक इकडं ओढणार, दुसरा तिकडं.

सुईदोरा · ५:५८

मास्तर, मी अर्धे उभे अर्धे आडवेच कापले होते. कापड वाचवायला.

ठिगळ्या · ६:०२

गुन्हा कबूल.

मागवाला (नांदेड) · रात्री ९:१५

टेक्स्टाईलमध्ये नोकरी केली, आता निवृत्त. लांबीत जास्त का आटतं ते सांगतो.

मागावर उभे धागे, म्हणजे ताणा, कचकचून ताणलेले असतात. आडवा बाणा त्यातून ये-जा करतो, त्याला तेवढा ताण नसतो. पुढं गिरणीत धुणं, रंगवणं, छापणं, वाळवणं हे सगळं कापडाला लांबीत ओढतच चालतं. ते ताणलेल्या अवस्थेतच वाळतं आणि ताग्यावर गुंडाळलं जातं. वरून खळ असते, ती त्याला तसंच धरून ठेवते. तुम्ही दुकानात मोजून घेता ते श्वास रोखून उभं राहिलेलं कापड.

पाण्यात पडलं की खळ सुटते, ताण सुटतो. शिवाय कापसाचा तंतू पाण्यानं जाडीत फुगतो. धागा जाड झाला की समोरच्या धाग्यावरून खालून जाताना त्याला जास्त वळसा पडतो, आणि वळशात लांबी खर्च होते. पावसात भिजलेली सुती दोरीची बाज बघितलीत ना, कशी टणटणीत होते? तेच.

किती आटेल? बऱ्या प्रतीचं, घट्ट विणीचं छापील सुती कापड साधारण ३ ते ५ टक्के. विरळ विणीचं, खळीवर उभं असलेलं कोरं कापड १० पर्यंतही जातं. त्यातलं बरंचसं पहिल्याच पाण्यात जातं, उरलेलं पुढच्या दोन-तीन धुण्यांत. गरम पाण्यात जास्त, गारात कमी.

पूर्वी शर्टिंगच्या किनारीवर "सॅनफोराईज्ड" असा छाप असायचा, आठवतो का? १९३० च्या सुमारास सॅनफर्ड क्लुएट या अमेरिकन माणसानं शोधलेली रीत. कापड गिरणीतच वाफ देऊन, रबरी पट्ट्याखाली दाबून मुद्दाम आटवून घ्यायचं. मग घरी एक टक्क्याच्या आतच आटतं. मांजरपाटाला असलं कोण करत बसतंय!

गोदाकाठ · ९:३०

मागवाला काका, "श्वास रोखून उभं राहिलेलं कापड" हे फोटोवाल्याकडं पोट आत घेऊन उभं राहिल्यासारखं झालं. आमचे हे.

पॅचवर्क_वेडी (छत्रपती संभाजीनगर) · ९:४४

आता मला शिव्या घाला. मी कापड आधी धुत नाही.

नऊ-दहा वर्षं पॅचवर्क करते, विकतेही. कोऱ्या कापडाला खळीचा ताठपणा असतो, त्यामुळे कात्री आणि रोटरी कटर दोन्ही नीट चालतात. रेघ मारली तर कापड सरकत नाही. धुतलं की ते लोळागोळा होतं. मग त्याला इस्त्री करा, पुन्हा कांजी फवारा, पुन्हा इस्त्री. त्रिकोण कापायचे असतील तर तिरक्या कडा धुतलेल्या कापडात अशा ताणल्या जातात की टोकाला टोक जुळत नाही. आणि अडीच इंची पट्ट्यांचे तयार गठ्ठे मिळतात, ते पाण्यात टाकून बघा. दोरेच हाती येतील.

दुसरं, धुतल्यावर येणाऱ्या बारीक सुरकुत्यांना तुम्ही सगळे बिघाड का म्हणताय? सगळं कापड सारखं असेल तर गोधडी सगळीकडून सारखी आक्रसते आणि टाक्याटाक्यात मऊ चुण्या पडतात. परदेशी गिऱ्हाईक त्यासाठीच जास्त पैसे देतं, जुन्यासारखं दिसतं म्हणून. मी फक्त ९० हवी असेल तर ९५ ची शिवते.

रंगाचं मात्र तपासते. त्यात तडजोड नाही.

विहीणबाई · ९:५२

रुखवतात सुरकुतलेली गोधडी मांडा आणि वरपक्षाला सांगा परदेशी गिऱ्हाईक याचे जास्त पैसे देतं. लग्न मोडलं तर मला बोलावू नका.

पॅचवर्क_वेडी · ९:५५

रुखवतात कोरीच मांडणार ना! सुरकुत्या सासरी गेल्यावर.

विहीणबाई · ९:५६

सुरकुत्या सासरी गेल्यावरच येतात, खरंय.

मिठाची_पुडी (बीड) · रात्री १०:२०

रंगाचं माझ्या आजीचं औषध: मूठभर मीठ टाकून रात्रभर भिजवा, पक्का होतो. काहीजण तुरटी टाकतात, काही व्हिनेगर. आमच्या घरात तीन पिढ्या मिठावर चालल्या.

रंगभट्टी (पैठण) · १०:४५

ताई, आजीला नमस्कार, पण मीठ रंग पक्का करत नाही. गैरसमज कुठून आला तेही सांगतो. सूत रंगवताना रंगाच्या हंड्यात आम्ही मीठ भरपूर टाकतो. पाण्यातला रंग धाग्याकडे ढकलला जावा म्हणून. म्हणजे मिठाचं काम रंग बसवण्याच्या वेळचं. एकदा कापड तयार होऊन तुमच्या घरी आलं की मीठ त्यात काही बांधून देत नाही. खाऱ्या पाण्यात रंग कमी सुटतो, एवढंच. पुढच्या वेळी साध्या पाण्यात टाकलं की सुटतोच.

व्हिनेगर लोकर आणि रेशमाच्या काही रंगांना चालतं, सुताला त्याचा उपयोग नाही. तुरटी झाडपाल्याच्या रंगांच्या काळातली. तिथं ती खरंच लागते, पण रंगवायच्या आधी किंवा रंगवतानाच.

आजच्या चांगल्या सुती कापडाला बहुतेक रिॲक्टिव्ह रंग असतात, ते धाग्याशी रासायनिक गाठ मारतात. पहिल्या धुण्यात निघतो तो गाठ न बसलेला, कापडात नुसता अडकून राहिलेला रंग. त्याला बाहेर काढायचा असतो, आत कोंडायचा नसतो! गरम पाणी, थोडी डिटर्जंट पावडर, पाणी भरपूर. दोन-तीन पाण्यांत नितळ आलं तर कापड चांगलं. स्वस्तातल्या डायरेक्ट रंगांना गाठच नसते, ते दहाव्या धुण्यालाही रंगीत पाणीच देणार. तसलं कापड गोधडीत नको, त्याची पिशवी शिवा.

खणाचं विशेष सांगतो. गुळेदगुड्डचा म्हणून बाजारात आता नाना तऱ्हेचा खण येतो, कशात काय सूत आणि कुठला रंग ते दुकानदारालाही ठाऊक नसतं. मरून, गडद निळा, काळा, हे तिघं तर आधी चौकशीला घ्यायचेच.

मिठाची_पुडी · १०:५३

तीन पिढ्या पाण्यात गेल्या म्हणायच्या. मिठाच्या पाण्यात.

पॅचवर्क_वेडी · ११:००

चौकशी कशी घ्यायची ते माझ्याकडून. काचेच्या ग्लासात कढत पाणी, दोन चिमूट पावडर, त्यात कापडाचा आगपेटीएवढा तुकडा. अर्ध्या तासानं ग्लास पांढऱ्या कागदासमोर धरा. मग तोच ओला तुकडा पांढऱ्या सुती कपड्यावर दाबून तसाच वाळू द्या. पाणी स्वच्छ दिसूनही कधी कधी डाग उमटतो.

मांजराकाठ (लातूर) · रविवार, सकाळी ७:३०

सगळं वाचलं. "पाणी भरपूर", "दोन-तीन पाणी" असं पैठणची माणसं अगदी सहज बोलतात. नाथसागर उशाला आहे त्यांच्या. आम्ही लातूरकर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आमच्यासाठी रेल्वेनं पाणी आलं होतं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटर. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसत होते. तेव्हा कुणी म्हटलं असतं की गोधडीच्या १४ मीटरला तीन पाणी द्या, तर लोकांनी त्यालाच पाण्यातून काढला असता.

रंगभट्टी · ८:१०

टोला पोचला. पण दादा, धरण उशाला असून आमच्या गल्लीत टँकर येतो, हेही लिहून ठेवा.

सुईदोरा · ८:२५

मांजराकाठ, तेच तर माझं रडगाणं. बोअरचं पाणी आहे, पण इतकं जड की साबणाला फेसच येत नाही, वर पांढरी साय धरते. त्यात १४ मीटर टाकू का?

आक्का_गंगाखेड · ९:००

रिठे घे. रिठ्याला जड पाणी चालतं, साबणावानी साय धरत न्हाई. फोडून रात्री भिजू घाल, सकाळी कुस्करून गाळ. बोअरच्याच पाण्यात कर.

आन् पाण्याचा हिशेब आसा. पहिलं फिकट कापड, मग पिवळं-हिरवं, आन् सगळ्यात शेवटी लाल-काळं. एकाच्या खळबळल्याचं पाणी दुसऱ्याच्या भिजवणीला. आमी दुष्काळात धा माणसाचं धुणं चार बकेटीत काढीत व्हतो. बहात्तर सालचा दुष्काळ बघितलाय मी, मला नका सांगू लातूरची रेल्वे.

मांजराकाठ · ९:०४

आक्का, मी गप बसतो.

बिंदुसरा (बीड) · ९:४०

अवांतर, पण राहवत नाही. घटस्थापनेच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायची पद्धत अजून आहे ना सगळीकडं? आमच्या लहानपणी बैलगाडीत गोधड्यांचा ढीग, त्यावर आम्ही पोरं, आणि नदीवर अख्खं गाव. भिजलेली गोधडी उचलणं म्हणजे काय ते ज्यानं उचललीय त्यालाच ठाऊक. एक टोक आई, दुसरं टोक काकू, दोघी उलट-सुलट पीळ घालायच्या आणि मधून पाण्याची धार लागायची. पीळ घालता घालता काकू जावेचं एकेक गाऱ्हाणं काढायची, आणि गाऱ्हाण्यागणिक पीळ घट्ट. वाळूत पसरलेल्या गोधड्या दुपारपर्यंत अशा तापायच्या की उलटवताना हात भाजायचे.

आता विचार करतो, असलं धुणं सोसून ज्या गोधड्या वीस-वीस वर्षं टिकल्या, त्यांचं कापड किती मुरलेलं असेल.

गोदाकाठ · ९:५५

आणि काकूची जाऊ म्हणजे तुमची आईच ना?

बिंदुसरा · ९:५७

होय. म्हणून तर पीळ तेवढा घट्ट.

शेवगा · १०:३०

एक साधी शंका. आपल्याकडचे लेप, रजया कधी धुतात का? आमच्याकडं नुसती खोळ धुतात.

मागवाला · १०:४१

बरोबर आहे. पिंजलेला कापूस ओला झाला की गोळे धरतो आणि एका कोपऱ्यात जाऊन बसतो. मग पिंजाऱ्याला शोधा. वाकळ धुता येते, कारण आत कापसाऐवजी कापडाचेच थर असतात आणि ते जवळजवळ टाचलेले असतात. आणि यावरून आठवलं. सुईदोरा ताई, तुम्ही वरचं सांगितलंत, खालचं सांगितलंत. मधे काय घातलं होतंत?

सुईदोरा · १०:५०

मधे? एक जुनी साडी घातली होती, दोन पदरी. मऊ आहे म्हणून. जुनी म्हणजे आटून झालेली, तिचा काय संबंध?

टेलरमास्तर · १०:५४

साडी सुती होती का सिंथेटिक?

सुईदोरा · ११:०२

...सिंथेटिक. पंधरा वर्षं नेसलेली, रंगसुद्धा गेला नाही बिचारीचा.

मागवाला · ११:१०

सापडला चोर.

सिंथेटिक साडी पाण्यानं आटत नाही, जुनी असो की नवी. तुमच्या गोधडीत खालचा मांजरपाट ४५ वरून ४२ वर आला. वरचे चौकोन त्याहून कमी आटले, तेही निम्मे उभे आणि निम्मे आडवे. मधली साडी तर ४५ ची ४५ राहिली. तीन इंच जास्तीचं कापड दोन थरांच्या मधे कोंडलं, ते जाणार कुठं? धावदोऱ्यानं जखडलेलं, म्हणून दोन ओळींच्या मधे फुगलं. तुमचे ते फोड म्हणजे तुमची साडीच.

आक्कांच्या वाकळंत वर लुगडं, मधे लुगडं, खाली लुगडं. सगळे थर एकाच जातीचे आणि एकाच वयाचे. पॅचवर्क वेडी ताईंच्या कामातही सगळं एकसारखं कोरं सुती, त्यामुळे त्यांचंही जमतं. म्हणजे मला वाटतं आपण कालपासून भांडतोय ते धुवावं की धुवू नये यावर, पण घोळ एकात एक मिसळण्याचा आहे.

पॅचवर्क_वेडी · ११:१६

अनुमोदन. आणि आत सुती बॅटिंग, म्हणजे मधे घालायचा तयार जाड थर, घालत असाल तर तीही काही टक्के आटते, पॉलिस्टरची आटत नाही. पाकिटावर लिहिलेलं असतं, वाचत जा.

कवंदीप्रेमी · ११:४०

थोडी भर. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात, त्याही जुन्या कपड्यांच्या. एका कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेनं फिरत आत मध्याकडे येतात आणि चारी कोपऱ्यांवर तिकोनी घड्यांची फुलं लावतात. बंगालचा कांथाही जुन्या साड्या-धोतरांचाच. जिथं जिथं गरिबीतून गोधडी आली तिथं आटण्याचा प्रश्नच आला नाही. हौसेनं तागा फाडायला लागलो आणि...

ठिगळ्या · ११:४३

...आणि धागा काढावा लागला.

शेवगा · ११:५०

खादीचं काय? माझ्याकडं नांदेडच्या खादीचे तुकडे आहेत. तिरंग्याचं कापड जिथून जातं तिथलेच, अभिमानाची बाब आहे.

मागवाला · दुपारी १२:०५

अभिमान ठेवा आणि दोनदा भिजवा. हातसूत, हातमाग, वीण मोकळी. खादी चांगलीच आटते. शर्ट शिवणारेही एक माप मोठं धरतात.

टेलरमास्तर · १२:३०

आता कामाचं बोलतो, नाहीतर ताई १४ मीटर वॉशिंग मशीनमध्ये कोंबतील. मशीन नको. मोकळ्या कडांचे दोरे सुटून जुडगे होतात आणि कापड त्यात फाशी गेल्यासारखं गुंडाळतं. टबात, सैल घडी घालून, नुसतं बुडवून ठेवा. चोळायचं नाही, पिळायचं नाही. टाकण्याआधी चारी कोपरे कात्रीनं तिरके छाटून घ्या, दोरे कमी सुटतात. लहान तुकडे असतील तर भिजवूच नका, वाफेची इस्त्री दाबून दाबून फिरवा. पुरी आटणार नाहीत, पण बरीच.

वाळवायचं सावलीत, आणि पुरं कडक होऊ द्यायचं नाही. दमट असतानाच उभ्या धाग्याच्या दिशेनं इस्त्री. तिरकी फिरवलीत तर कापडाचा काटकोन गेला म्हणून समजा.

मिठाची_पुडी · १२:४०

आणि बाळाच्या गोधडीवरचे गुलाबी नकाशे? मीठ सुचवणार नाही, शपथ.

रंगभट्टी · १२:५५

आधी तिला इस्त्री नाही, कडक ऊन नाही. मोठ्या टबात सोसवेल इतकं गरम पाणी, डिटर्जंट, गोधडी पूर्ण बुडलेली, सहा-आठ तास. पाणी रंगलं की फेकून पुन्हा. सुटलेला रंग पाण्यातच तरंगत राहिला पाहिजे, म्हणून टब मोठा. कमी पाण्यात तोच रंग परत कापडावर बसतो. महिना झालाय, पूर्ण जाईलच असं नाही, पण मांजरपाटावरून निघायची आशा आहे. फुगा मात्र उसवल्याशिवाय जाणार नाही.

सुईदोरा · सोमवार, रात्री ८:१५

सगळ्यांना साष्टांग. काल दिवसभर प्रयोगशाळा मांडली होती. प्रत्येक कापडाचा २० इंचाचा चौकोन कापला, उभ्या दिशेला लाल दोऱ्याचा टाका घातला, बोअरच्या पाण्यात रिठ्यात रात्रभर. आज मोजले.

मांजरपाट: लांबीत पावणेएकोणीस, पन्ह्यात साडेएकोणीस. म्हणजे लांबीत सव्वासहा टक्के. १०० इंचाच्या गोधडीत सहा इंच गायब! छापील सुती, दोन जातींचं: दोन्ही साडेएकोणीसच्या आसपास. हिरवा खण: जवळजवळ हललाच नाही, म्हणजे त्यात सूत किती नि काय किती देव जाणे, पण रंग सोडला नाही. मरून खणाचा ग्लास कोकम सरबतासारखा झाला. तीन पाणी दिलं तरी सरबतच. त्याची आता पिशवी.

आईनं हे सगळं ओसरीवर बसून बघितलं आणि म्हणाली, "एवढं मोजमाप करण्यापेक्षा माझ्या पेटीतली लुगडी घे की." पेटी उघडली तर सहा इरकली, नऊवारी, वापरून रेशमासारखी मऊ झालेली. तर ठरलं असं: मधले थर आईची लुगडी. खाली आणि वर नवं, पण पाण्यातून काढलेलं, मांजरपाट दोनदा. हिरवा खण राहील, बारीक पट्टीत, सगळे तुकडे एकाच दिशेनं.

पॅचवर्क_वेडी · ८:२२

आणि ताठपणासाठी कापायच्या आधी कांजी फवारा. माझं एवढं तरी ऐका.

सुईदोरा · ८:२४

ऐकलं. भाताची पेज काढून ठेवलीय.

आक्का_गंगाखेड · ८:३०

मायची लुगडी सगळी संपवू नको. एक ठेव तिला.

सुईदोरा · ८:३३

तीच म्हणाली, हिरव्या काठाचं सोडून बाकी घे.

विहीणबाई · ८:३५

ते लाल पाणी कुठं टाकलंत? झाडाला?

सुईदोरा · ८:३६

नाही हो, रंगाचं पाणी झाडाला कशाला. संडासाच्या बादलीत. घरात सगळे घाबरलेत.

मांजराकाठ · ८:४१

सुईदोरा ताई, तुमच्या भागात आज नळाचा वार ना? आमच्या गल्लीत आत्ता आलं.

सुईदोरा · ८:४२

आलं!! बादल्या लावते. बाकी नंतर.